दोन्ही मिळून एकावन्न

१४ सप्टेंबर, रविवार, सकाळी साडेदहा. रक्कम अकरा रुपये : दहाची एक नोट आणि एक रुपयाचं नाणं. देणारा मी, घेणारे इंगोले काका. हजर तिघं : काका, शांताकाकू आणि मी. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती माझी मुलगी स्वाती त्या दिवशी हजर नव्हती. ती असती तर पुढचं काही घडलं नसतं.

पंचायत समितीच्या लेखा विभागात माझी सव्वीस वर्षं गेली. आधी तारीख, मग रक्कम, मग साक्षीदार, असं लिहायची सवय हाताला लागली आहे. पण ही सवय मुळात मला इंगोले काकांना पाहून लागली, आणि लिहायचं आहे ते त्यांच्याबद्दल. माझ्याबद्दल लागेल तेवढंच लिहीन. ते फारसं चांगलं नाही.

काका महसूल खात्यात होते. सुरुवातीला जऊळक्याच्या बाजूला पटवारी, शेवटी मंडळ अधिकारी. निवृत्त झाल्यावर रिसोडला आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांनी दोन खोल्या बांधल्या. अंगानं बारीक, पांढरा अर्ध्या बाहीचा शर्ट, खिशात दोन पेनं. निळं अंदाजासाठी, लाल अंतिम आकड्यासाठी. आमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत एकशे बारा पावलं आहेत, पावसाळ्यात एकशे अठरा, कारण डबकं चुकवावं लागतं. हे मी मोजलेलं नाही. त्यांनीच मला सांगितलं होतं. चालताना ते मोजतच चालत. वाटेत कुणी नमस्कार केला तर आधी बोट वर करून थांबवत, आकडा मनात पक्का करत आणि मग म्हणत, "हं, बोल आता."

गल्लीत त्यांना पैसेवारीवाले काका म्हणत. शेतीशी संबंध नसलेल्यांसाठी सांगतो. चांगल्या वर्षी येतं ते पीक एक रुपया धरायचं आणि यंदाचं पीक त्यातले किती पैसे भरतं ते काढायचं, ही पैसेवारी. पन्नासच्या आत आली की गाव दुष्काळी. त्यासाठी शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखतात, कापतात, मळतात, तोलतात. तुकडा कुठला घ्यायचा हे माणसानं ठरवायचं नाही, आकड्यांचा छापील तक्ता ठरवतो. कारण शेतकरी नेहमी बारीक तुकडा दाखवतो आणि वरचा साहेब नेहमी भरीव तुकड्याकडे बोट करतो. आकडा तीन वेळा निघतो. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम.

काकांनी हे काम तीस वर्षं केलं आणि निवृत्त झाल्यावरही ते त्यांच्या हातातून सुटलं नाही. लग्नात गेले की मंडपाच्या दाराशी पाच मिनिटं उभे राहत आणि आचाऱ्याला सांगत, "चारशे दहा." पंगती उठल्यावर पत्रावळी मोजायला लावत. चारशे तीन निघाल्या की खिशातली वही काढून सातची चूक लिहून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी नवरदेवाच्या बापाला गाठून विचारत, "तुमच्याकडले सात जण न जेवता गेले काय?"

मग गल्लीतली पोरं त्यांच्याकडे जायला लागली. बारावीचा निकाल लागला, कुठल्या कॉलेजला नंबर लागेल? पोलीस भरतीत नाव येईल का? काका पोराला समोर बसवत, गेल्या तीन सालांचे कागद आणायला लावत आणि आठ दिवसांनी पैशांत उत्तर देत. "पंचेचाळीस." "सत्तर." अकरा रुपये घेत. एकदा मी म्हटलं, काका, पेन्शन आहे, हे अकरा रुपये कशाला?

"फुकटचा आकडा माणूस आपल्या सोयीनं वाकवते," ते म्हणाले. "पैसे देल्ले का मंग तसाच ठेवते."

त्यांचं ठरलेलं एक वाक्य होतं. "जे दिसते ते लिहा. जे पाह्यजे ते नका लिहू." हे ते पोरांना सांगत, बायकोला सांगत, गॅसवाल्याला सांगत. शांताकाकू वैतागून म्हणायच्या, "पाह्यजे ते लिहू नये तं किराण्याच्या चिठ्ठीवर काय लिहू मी?"

काकांची खरी ओळख मला ते रिसोडला येण्याच्या कितीतरी आधी झाली होती. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि ते आमच्या गावचे पटवारी. त्या साली पाऊस मध्येच एक महिना गेला. पीक वाईट होतं, पण गेलं नव्हतं. काकांनी आकडा काढला, एकावन्न. दोन पैसे कमी असते तर गाव दुष्काळी यादीत गेलं असतं, शेतसाऱ्यात सूट मिळाली असती, कॉलेजच्या पोरांची परीक्षा फी माफ झाली असती. गावातले पंधरा-वीस जण चावडीवर गेले. मी हिशोबात बरा म्हणून मला पुढे केलं. काकांनी कागद माझ्या हातात दिले. "पाह्य गजानन. चूक सापडली तं सांग, आत्ता दुरुस्त करतो."

मी ओट्यावर बसून दोनदा तपासलं. चूक नव्हती. एक पैशाचीही नव्हती.

मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, वरून खाल्ले असतील यानं." दुसरा म्हणाला, "दोन पैशाची गोष्ट हाय भाऊसाहेब, लेखणी जराशी खाली सरकवा ना." आणि सगळे माझ्याकडे बघत होते, की आता हा काय सांगतो. मी कागद परत केले. म्हटलं, "मले काही समजत नाही बा यातलं." आणि गर्दीत मागे सरकलो.

काकांनी कागद घडी करून ठेवले. पुढे चार महिने त्यांना गावात कुणी चहा विचारला नाही. ते सायकलवर पाण्याची बाटली बांधून येत. रिसोडला शेजारी राहायला आले तेव्हा मी मनातून बिचकलो होतो. पण त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मला गजानन म्हणत राहिले, माझ्या पोरीला कडेवर घेऊन पावलं मोजायला शिकवत राहिले.

ती पोरगी आता अठ्ठावीस वर्षांची आहे. इंजिनिअर झाली, पुण्याची नोकरी सोडून परत आली आणि चार वर्षांपासून इथल्या शेतकऱ्यांच्या कंपनीत सोयाबीनच्या खरेदीचं काम बघते. गेल्या उन्हाळ्यात तिनं घरात सांगितलं की तिला परदेशातल्या एका विद्यापीठात शिकायचं आहे. तीन वर्षांचा अभ्यास, दोन पदव्या एकत्र : एक व्यवसाय व्यवस्थापनाची, दुसरी सार्वजनिक धोरणाची. बायको सुनंदा म्हणाली, "एक नाही पुरत का?" स्वाती म्हणाली, "आई, आमी इकडं वजनात काट्यावर एक-एक किलो वाचवतो अन् तिकडं दिल्लीत तेलाच्या आयातीचा एक कागद निघते, की भाव चारशेनं खाली. मले काटाही समजला पाह्यजे अन् कागदही."

मी दोन दिवसांनी म्हणालो, आधी काकांना विचारू.

काकांनी तिला सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी बोलावलं. मीही गेलो. तो रविवार मला शब्द न् शब्द आठवतो.

"म्हणजे एकाच वावरात दोन पिकं," काका म्हणाले.

"हो काका. पण त्या विद्यापीठातल्या दोन्ही शाळा, म्हणजे विभाग, अर्ज वेगवेगळा वाचतात. दोघांनीही हो म्हटलं तर दोन पदव्या. एकानंच म्हटलं तर तेवढी एक घेऊन जाता येते."

"सोयाबीन-तूर. यातलं सोयाबीन कोणतं?"

स्वाती हसली. "धंदा. तो लवकर निघतो."

"अन् धोरण तूर. उशिरा येते, पण वरण तिचंच. बरं. मागच्या सालात कोणाकोणाले घेतलं त्याईनं?"

तिनं तिथं शिकून आलेल्या अकरा जणांना पत्रं लिहिली होती, सात जणांनी उत्तर दिलं होतं. प्रत्येकाचे परीक्षेतले गुण, नोकरीची वर्षं, काम कसलं, सगळं रकान्यांत मांडून आणलं होतं. मी मनात खूश झालो. रकाने चांगले आखले होते. काकांनी ते बघितलं आणि कागद खाली ठेवला.

"हे सगळे घेतलेले हायत. ज्याईचं पीक बुडालं त्याईचं काय?"

"ते कोण सांगते काका?"

"कोणी नाही सांगत. म्हणूनच शोधा लागते. नुसतं भरलेलं वावर पाहून पैसेवारी निघत नाही बाई."

तिनं आठवड्यात न घेतलेले चौघं शोधून काढले. इंटरनेटवर अशी माणसं आपलं दुःख लिहितात म्हणे.

त्याच पहिल्या रविवारी काकांनी तिची कामाची डायरीही मागितली. ती निबंधांचे कच्चे मसुदे घेऊन आली होती, शिफारसपत्रं कोण देणार ते सांगत होती. काकांनी ते बाजूला सारलं. "हा तुहा भरीव तुकडा. तो तू दाखवशीलच. शांता, एक आकडा सांग!"

आतून काकूंचा आवाज आला, "सत्तावीस! अन् दूध उतू गेलं तुमच्या आकड्यापायी!"

काकांनी जुना, कडा झिजलेला तक्ता काढला, सत्ताविसाव्या ओळीवर बोट ठेवलं, आडवं सरकवलं आणि डायरीचं एक पान उघडलं. त्या दिवशी स्वातीनं ओलावा मोजायचं यंत्र तपासून घेतलं होतं. ते दोन टक्के जास्त दाखवत होतं. आधीच्या आठवड्यात ज्या अडतीस शेतकऱ्यांचे पैसे ओलाव्यापायी कापले होते, त्यांना तिनं फोन करून फरक परत दिला होता. काकांनी ते दोनदा वाचलं. "हे निबंधात टाकलं?" "नाही काका. ही चूक होती आमची." "मंग टाक."

दुसऱ्या आकड्याला निघालेल्या पानावर एवढंच होतं : दिवसभर लाईन नव्हती. हमालांसोबत बसून भेळ खाल्ली. काकांनी तेही आपल्या वहीत उतरवून घेतलं. तिसरं, चौथं, दहा पानं झाली. उठताना म्हणाले, "पुढच्या रविवारी आकडा देईन."

पुढच्या रविवारी स्वातीला कंपनीच्या कामानं अकोल्याला जावं लागलं. म्हणून मी गेलो. काका कागद देत नसत. पंचांसमोर वही वाचून दाखवत, पंचांची नावं लिहीत. त्या दिवशीचे पंच काकू आणि मी.

"व्यवसाय, बासष्ट," त्यांनी वाचलं. "धोरण, पंचावन्न. दोन्ही मिळून, एकावन्न. दोनपैकी किमान एक, सहासष्ट. हा आकडा पहिल्या फेरीचा. पहिल्या फेरीत जागा मोकळ्या असतात. दुसऱ्या फेरीत गेली तं आठ पैसे कमी धर."

मी मनात हिशोब केला होता. म्हणालो, "काका, बासष्ट आणि पंचावन्न यांचा गुणाकार केला तर चौतीस येतात. दोन्ही मिळून एकावन्न कसे?"

काकांना असा प्रश्न आवडे. ते सरसावून बसले. "गुणाचं नाही इथं. गुणाकार कवा करतेत? एका वावराचा दुसऱ्याशी संबंध नसला तं. हे एकच वावर हाय गजानन. तीच माती, तोच पाऊस, तीच पोरगी. ज्या साली सोयाबीन साधते, त्या साली तूरही बहुतेक साधतेच. जे पाहून एक शाळा हो म्हणंल, तेच पाहून दुसरी म्हणंल. म्हणून एकावन्न. गुणू नको."

"समजलं," मी म्हणालो. आणि खरंच समजलं होतं. अकरा रुपये दिले, एकशे बारा पावलं चालून घरी आलो.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गल्लीत एक रिवाज पडून गेला होता. काकांचा आकडा पन्नासच्या आत आला की पोरं फॉर्म भरत नसत. पन्नासच्या आत दुष्काळ, हा सरकारचा नियम होता, गल्लीनं तो पोरांना लावला. काकांना हे अजिबात पसंत नव्हतं. एका पोराला त्यांनी पोलीस भरतीचे वीस पैसे सांगितले होते, तो तरी गेला आणि लागला. काका स्वतः पेढे घेऊन त्याच्या घरी गेले. लोकांना वाटलं आता यांचं तोंड उतरेल. ते म्हणाले, "मी काय शून्य म्हटलं होतं? शंभरातले वीस जण जातातच की. हा त्या विसातला." पण असं ऐकून घेणारे थोडे. स्वाती गल्लीतच वाढली होती.

संध्याकाळी ती अकोल्याहून आली. पाय धुतले, ओट्यावर बसली आणि म्हणाली, "काय म्हणले काका?"

मी म्हणालो, "व्यवसाय बासष्ट, धोरण पंचावन्न. दोन्ही मिळून चौतीस."

एवढंच. पहिले दोन आकडे खरे होते. तिसरा गणितानं बरोबर होता. किमान एकाचा सहासष्ट मी सांगितलाच नाही. तिनं विचारला नव्हता, असं मी नंतर स्वतःला कितीदा तरी सांगितलं.

तिनं खांद्यावरची बॅग खाली ठेवली. मग म्हणाली, "चौतीस म्हणजे लयच कमी झाले बाबा." मी म्हणालो, "काकांचा आकडा आहे." ती म्हणाली, "अन् तुमी आणला म्हणजे चुकीचाही नसणार."

मी असं का केलं? खर्च मोठा होता, पण कर्ज मिळत होतं, कंपनीकडून मदतही होणार होती. ते कारण मी सुनंदापुढे वापरलं. खरं कारण असं, की तिला जागा मिळणार नाही याची मला भीती नव्हती. मिळेल याची होती. ती चार वर्षांपूर्वी परत आली तेव्हापासून संध्याकाळी सात वाजता तिची गाडी दारात लागते आणि मला घर भरल्यासारखं वाटतं. त्या एका आवाजासाठी मी काकांच्या नावावर माझा आकडा खपवला.

स्वातीनं पहिल्या फेरीचा, सप्टेंबरातला अर्ज केला नाही. निबंध एका फायलीत ठेवून ती सोयाबीनच्या हंगामात शिरली. सकाळी सातला जायची, दिवे लागल्यावर यायची. ऑक्टोबरच्या शेवटी काका सुधारित आकड्याची वाट बघत होते. पण ते कुणाला बोलवायला जात नसत. ज्याचं पीक त्यानं यावं, हा त्यांचा नियम. रस्त्यात मला दिसले की म्हणत, "पोरगी कामात हाय वाटते." मी म्हणायचो, "हो, लय काम आहे." आणि चालीचा वेग वाढवायचो. काका घरचा आकडा गल्लीत बोलत नसत, काकूंनाही बोलू देत नसत. मी त्याच्यावरच विसंबलो होतो. त्यांचा चांगुलपणा मी असा वापरला.

डिसेंबरच्या मध्यावर काका आपल्या दोन एकरांतलं सोयाबीन घेऊन स्वातीच्या खरेदी केंद्रावर गेले. तिथं काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं.

काट्यावर पोतं चढवताना काका म्हणाले, "काहून वो बाई, सुधारित करायले आली नाहीस?"

"चौतीसवर कायची सुधारित काका?" ती हसून म्हणाली.

काका काट्याकडे बघत राहिले. "चौतीस," ते एवढंच म्हणाले. पावती घेतली, घडी केली, निळ्या पेनाच्या मागे ठेवली. मग म्हणाले, "संध्याकाळी बाबाले घेऊन ये. वही पंचांसमोर वाचू."

साडेसहाला आम्ही गेलो. स्वातीनं मला फक्त "काकांनी बोलावलं" एवढंच सांगितलं होतं, पण मला कळलं होतं. एकशे बारा पावलं त्या दिवशी मीही मोजली.

काकांनी चष्मा लावला आणि १४ सप्टेंबरचं पान वाचलं, जसं पहिल्यांदा वाचलं होतं तसंच, आवाज वर-खाली न करता. बासष्ट. पंचावन्न. दोन्ही मिळून एकावन्न. किमान एक सहासष्ट. दुसऱ्या फेरीत आठ पैसे कमी. पंच, सौ. शांताबाई आणि श्री. गजानन. मग वही मिटली. "चौतीस या वहीत कुठंच नाही," ते म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. काकूंनी चहा आणला होता, तो हातातच धरून त्या दारात उभ्या राहिल्या.

चावडीवर मी "समजत नाही" म्हणून मागे सरकलो होतो. इथं मागे भिंत होती.

"मी गुणले," मी म्हणालो.

स्वाती माझ्याकडे वळली. "काकानं नको म्हटलं होतं?"

"हो."

"तुमाले समजलं होतं?"

"हो."

ती फक्त म्हणाली, "आता मले आकडे नका सांगू बाबा." आणि काकांना विचारलं, "दुसरी फेरी जानेवारीच्या सुरुवातीला बंद होते. सतरा दिवस हायत. दोन्ही मिळून किती?"

"एकावन्नातून आठ गेले. त्रेचाळीस."

म्हणजे पन्नासच्या आत. मी सप्टेंबरात खोटा सांगितलेला दुष्काळ डिसेंबरात खरा झाला होता, आणि तो माझ्याच उशिरानं झाला होता.

"भरू?" तिनं विचारलं.

"मी गल्लीवाला नाही बाई," काका म्हणाले. "त्रेचाळीस म्हणजे भरलेच पाह्यजे."

घरी सुनंदाला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापणं थांबवलं नाही. "अख्ख्या तालुक्याचे हिशोब तपासता," ती म्हणाली, "अन् पोरीच्या हिशोबात खोट घातली?" त्यानंतर महिनाभर ती माझ्याशी कामापुरतं बोलली. ते मला बरं वाटलं. काही न बोलणं त्याहून जड गेलं असतं.

सतरा दिवस स्वाती केंद्रावरून आली की काकांकडे जायची. काकांना इंग्रजी जेमतेम. ती निबंध वाचून मराठीत सांगायची आणि ते मध्येच बोट वर करायचे. "हे दिसलेलं हाय का पाह्यजे असलेलं?" ती खोडायची. ओलाव्याच्या यंत्राची गोष्ट निबंधात गेली, चूक कबूल केल्यासकट. मला कुणी येऊ नको म्हटलं नव्हतं. मीच गेलो नाही.

मार्चच्या शेवटी निकाल आले. धोरणाच्या शाळेनं घेतलं. व्यवसायाच्या शाळेनं कळवलं, की अर्ज चांगला होता, पण या फेरीत जागा थोड्या होत्या.

मी एक दिवस धीर करून काकांना विचारलं. ते ओट्यावर चष्मा पुसत बसले होते. "काका, पहिल्या फेरीत भरला असता तर दोन्ही मिळालं असतं?"

ते चष्मा पुसतच राहिले. "सांगता येत नाही."

"तरी अंदाज..."

"मले सांगता येत नाही. तुलेही जन्मभर येणार नाही." मग चष्मा लावून, हळू आवाजात, "तेच तं वाईट झालं गजानन."

एप्रिलमध्ये काकूंचे गुडघे फारच धरले आणि अमरावतीच्या मुलानं दोघांना कायमचं बोलावून घेतलं. रविवारी सकाळी मी आणि स्वाती त्यांना एसटी स्टँडवर पोचवायला गेलो. सामान थोडंच होतं : दोन बॅगा, एक तांब्याचा काटा आणि वह्यांचं गाठोडं. काकूंना आम्ही खिडकीजवळ बसवलं. काका खालीच उभे राहिले. वाहकाला म्हणाले, "सुटायले नऊ मिनिटं हायत ना? मंग घाई नको करू." आणि लाल पेन काढलं.

"बोल बाई. अंतिम."

"धोरण, घेतलं," स्वाती म्हणाली. "धंदा, नाही."

त्यांनी बसच्या पत्र्यावर वही टेकवून लिहिलं. "किमान एक, आलं. दुसऱ्या फेरीचं दोन्ही मिळून, नाही आलं." मग पेन एका रकान्यावर थांबलं. पहिली फेरी, दोन्ही मिळून, एकावन्न. त्याच्यापुढे त्यांनी सावकाश तीन शब्द लिहिले, जे पीक कापणीच्या कागदावर तुकडा कापायचा राहून गेला की लिहितात : प्रयोग झाला नाही.

वही मिटून त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशात हात घातला आणि माझ्यापुढे धरला.

"हे ठेव."

"काका, हे कशाला..."

"ज्याचा प्रयोग झाला नाही त्या आकड्याचे पैसे मी ठेवत नाही. नियम हाय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला हात पुढे करायला सोपं गेलं असतं. "घे लवकर. गाडी सुटते."

ते चढले. पायऱ्या तीन होत्या. ओठ हलले, त्यावरून त्यांनी मोजल्या हे कळलं. खिडकीतून काकूंनी स्वातीच्या डोक्यावर हात ठेवला. काका पलीकडे बसले होते, वह्यांचं गाठोडं मांडीवर, आणि समोर बघत होते. बस वाशिमच्या रस्त्याला लागेपर्यंत त्यांनी मान वळवली नाही. रस्त्याकडेची झाडं मोजत असावेत.

स्वाती ऑगस्टमध्ये जाते आहे.

१९ एप्रिल, रविवार, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटं. रक्कम अकरा रुपये : दहाची एक नोट आणि एक रुपयाचं नाणं. देणारे इंगोले काका, घेणारा मी. हजर चौघं : काका, शांताकाकू, मी, आणि या वेळी स्वाती.